उत्तर सगळ्यांना

उमेळे, २४ ऑक्टोबर

सुमेध,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. या वेळी ते राहू देत. मन साफ झालं की पाठवीन.

तुझा बंगळुरूचा पत्ता माझ्याकडे नाही आणि फोन तू उचलत नाहीस. म्हणून मेलमध्ये मागे जाऊन तुझं गेल्या वर्षीचं एक पत्र शोधलं, "काकू, रागावू नका" अशी सुरुवात असलेलं, आणि त्यालाच उत्तर लिहितेय. राग अजून आहेच, तेव्हा पत्र अगदीच शिळं झालेलं नाही.

हेमांगीला घोणस चावली. आपली हेमांगी, चांदीपच्या अल्पेशची बायको. वसुबारसेच्या आधी भाताचे भारे उचलत होती, भाऱ्याखालीच पडलेली असणार, घोट्याच्या वर चावली. मोठ्या इस्पितळात आहे. मूत्रपिंडं बंद पडली आहेत, डायलिसिस चालू आहे. शुद्धीवर असते, बोलते, मधेच ग्लानी येते. दिवाळी तिथेच गेली. आर्या चार वर्षांची आहे, तिला सांगितलंय की आई मामाकडे गेली.

इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तर हे झालं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. वेळेवर का मिळालं नाही, ते तुला विचारायला हे पत्र आहे.

आपण दोघांनी 'सांगावा' सुरू केला तेव्हा तू विरारच्या फ्लॅटमधून रोज मुंबईला नोकरीला जायचास आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन घरात माशा मारत होते. आमच्या बिल्डिंगच्या मीटरपेटीत धामण शिरली, ती काढायला तू आलास. वाडी तोडून बिल्डिंग बांधली, आता तिला जायचं तरी कुठे, असं तू म्हणालास आणि मला तू आवडलास. मग सापांच्या खबरीसाठी मेलवरचा तो सांगावा झाला. ज्याला हवं त्याने यावं, वाचावं, लिहावं. कुणाची परवानगी नको, अमुकच फोन हवा असं नको. जोडीला ते एक पान, जे कुणीही कुठूनही उघडून बघावं: कुठल्या सरकारी दवाखान्यात सापावरचं इंजेक्शन आहे आणि कुठे नाही. रोज सकाळी सगळ्या दवाखान्यांना फोन लावायचं काम हेमांगीचं. घरच्यांचा चहा नंतर, आधी फोन.

मग तुझी 'मंडळी' आली. कुठल्याशा कंपनीचं ॲप, कानामागून आलं आणि तिखट झालं. तिथे बोलून पाठवता येतं, फोटो टाकता येतात, पोरं सगळी तिथेच आहेत, असं तू म्हणालास. मी म्हटलं, पोरं तिथे आहेत कारण इकडचा दिवा तूच मालवलास. हेमांगीच्या जुन्या फोनवर ते ॲप चालेना, म्हणून तिचं सकाळचं काम विरारच्या मुलांकडे गेलं. ती काही बोलली नाही. मी बोलले, आणि शिमग्याच्या सुमाराला मंडळीतून उठले. तू मला अडवलं नाहीस.

त्या दिवशी अल्पेशने आधी मंडळीच उघडली. तिथे फक्त एवढंच: आपला समूह तपासणीसाठी थांबवण्यात आला आहे. आदल्या दिवशी कुणी चावलेल्या पायाचा फोटो टाकला होता, रक्ताचा. कंपनीच्या यंत्राने तो पकडला आणि सगळ्या समूहाला कुलूप लावलं. साप पकडणाऱ्यांच्या समूहात दुसरे कसले फोटो असणार, फुलांचे? पण यंत्राला कोण विचारणार. मग पान पाहिलं. पानावर गोदामाकडच्या दवाखान्यापुढे 'आहे' असं होतं. अल्पेश तिला घेऊन तिकडे, कामणच्या बाजूला, पळाला. तिथे इंजेक्शन नव्हतं. उलट फिरून मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

अल्पेश सगळ्यांना सांगत सुटलाय की माझंच डोकं चाललं नाही, मीच उलट्या रस्त्याला गेलो.

मला एवढंच सांग. पानावर 'आहे' का होतं?

मनोरमा

•

उमेळे, २९ ऑक्टोबर

सुमेध,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मी एक्स्चेंजमधली बाई आहे, कुठली लाइन कुठे तुटली ते शोधण्यात जन्म गेला.

काल ते पान नीट खालपर्यंत वाचलं. वर तारीख आजची, झकास. खाली पाचव्या ओळीत खाडीकडच्या दवाखान्यापुढे लिहिलंय: उद्या रामनवमी, दवाखाना अर्धा दिवस. ऑक्टोबरात रामनवमी! मग गोदामाकडे स्वतः फोन लावला. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, पावसाळ्याच्या सुरुवातीपासून नाहीये हो, तुमच्या त्या मुलांना सांगितलं होतं. सांगितलं असणारच. मुलांनी ते मंडळीत लिहिलं असणार.

माझ्याच्याने सोडवेना म्हणून त्या मुलांतल्या एकाला फोन करून खोदून विचारलं. आपलं भांडण मिटावं म्हणून तू कबूल केलं होतंस की मंडळीत जे लिहिलं जाईल ते आपोआप पानावरही उतरेल, तू तसा पूल बांधशील. बांधलास. मला बरं वाटलं होतं. तो पूल एप्रिलमध्ये तुटला. बाहेरच्यांनी आमच्याकडचं काही उचलायचं नाही, असा कंपनीने फतवा काढला आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून पान जिथल्या तिथे. फक्त वरची तारीख रोज नवी होत राहिली, कारण ती तुझ्याच कुठल्याशा यंत्रातून यायची. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आणि हे तुला माहीत होतं. तो मुलगा म्हणाला, "सुमेधदादा बोलला होता, ते पेज आता कोण बघतं, राहू दे, काकू उगाच ओरडतील."

काकू ओरडल्या असत्या रे. ओरडून घ्यायचं होतंस.

आता माझंही एक सांगते. मागच्या पत्रात 'पान पाहिलं' असं मोघम लिहिलं. अल्पेशला पान बघायला फुरसत कुठे होती? एका हातात हेमांगी, दुसऱ्या हातात फोन. त्याने मला फोन केला, "काकू, ग्रुप ओपनच होत नाय, बघा ना जल्दी, कुठे हाय इंजेक्शन?" मी पान उघडलं, वरची तारीख बघितली आणि तिसरी ओळ त्याला वाचून दाखवली. गोदामाकडे आहे म्हटलं. जा म्हटलं. पाचव्या ओळीपर्यंत गेलेच नाही.

हे त्याला आठवत नाही. किंवा आठवत असेल आणि माझ्या तोंडावर बोलत नसेल. तो आपलाच कपाळकरंटेपणा उगाळत बसलाय. काल मी चांदीपला गेले होते. त्याची आई, बायजाबाई, ओटीवर बसली होती. म्हणाली, "काकू, माजा पोर जेवत नाय. रस्ता चुकलू, रस्ता चुकलू, येवढाच बोलतंय. तुमी शिकलेल्या, तुमी तरी समजवा त्याला." मी काय समजावू? रस्ता त्याने नाही चुकवला, हे मी एकटीने सांगितलं तर म्हातारी समजेल मी धीर देतेय. तू सांगायला हवंस. तू पान बांधलंस, पूल तू बांधलास, तो तुटल्याचं तुला कळलं होतं. तू अल्पेशला एक फोन कर आणि एवढंच म्हण की रस्ता तू नाही चुकलास.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, तीही लिहिते, नाहीतर म्हणशील काकू एकांगी. सांगाव्यावर आपण कुठे कुठला साप सापडला ते लिहायचो, आणि ते वाचून आमच्याच उमेळ्याच्या बागेत दोन अनोळखी माणसं पोतं घेऊन आली होती. आपण लिहिलेले दोन्ही नाग त्यांनी नेले. विषाचा धंदा करणारे असणार. त्या दिवशी तू म्हणालास, काकू, उघड्या दारातून चांगलीच माणसं येतात असं नाही. ते खरं होतं. मी कबूल केलं नाही, पण ते खरं होतं.

आमचे हे म्हणतात, साप म्हणू नये धाकला आणि सुमेध म्हणू नये आपला. शांताराम काही तरी कोटी केल्याशिवाय घास गिळत नाहीत. मी हसले नाही.

फोन कर त्याला.

मनोरमा

•

उमेळे, ४ नोव्हेंबर

सुमेध,

तू फोन केलेला नाहीस. अल्पेशला मी आडून विचारलं.

आज जे लिहितेय ते फक्त तुला. घरात यांना सांगितलं तर हे रात्रभर येरझारा घालतात आणि चांदीपला कुणाला सांगायची सोय नाही. तू निदान लांब आहेस.

डॉक्टरांनी काल अल्पेशला आणि मला बाहेर जिन्याजवळ बोलावलं. मूत्रपिंडं परत चालू होणार नाहीत. वर रक्तात जंतू गेलेत, औषधं लागू पडत नाहीत. किती दिवस ते सांगता येणार नाही, म्हणाले, पण तयारीत राहा. मी विचारलं, तिला सांगायचं का. ते म्हणाले, तुम्ही ठरवा. अल्पेशने नाही म्हटलं आणि बायजाबाईने तर हातच जोडले, "पोरीला कोनी सांगू नका, ती हाय तवर हसू दे." तुळशीच्या लग्नाला घरी येशील असं तिला सांगत होते, ते लग्न झालं. आता देवदिवाळी सांगतात. ती मान हलवते. आर्याला दाखवा म्हणते, तर म्हणतात, घरी आलीस की बघशीलच ना, इथे पोरीला कशाला, इन्फेक्शन होईल.

हेमांगी ओळखू येत नाही आता. तोंड सुजून भाकरीसारखं झालंय, डोळे आत गेलेत, अंगाला एक वास येतो. परवा तिच्याजवळ बसले होते तर मलाच तो सहन होईना, औषध आणायच्या निमित्ताने बाहेर आले. असं व्हायला नको होतं, पण झालं.

जिन्यावरून आम्ही खाली उतरलो आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. अल्पेशने कप तोंडाला लावला नाही. म्हणाला, "काकू, सुटली तर बरं. मला तिच्याकडं बघवत नाय. रोज वर जाताना मनात येतं, आज सुटली असंल तर बरं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पंधरा वर्षांपूर्वी दोघं शाळेच्या वाटेवर एका सायकलवर दिसायची, मागे ही आणि दोघांच्या दप्तरांचं ओझं हिच्याच पाठीवर. त्याचं वाक्य चुकीचं नव्हतं रे. थकलेला माणूस बोलतो तसं बोलला.

आता तरी फोन कर. ती असेपर्यंत त्याला कळू दे की रस्ता त्याचा चुकला नाही. ती गेल्यावर कळून काय उपयोग? मग तो तिच्याजवळ धड बसूही शकला नाही, हेच जन्मभर राहील.

मनोरमा

•

उमेळे, ९ नोव्हेंबर

सुमेध,

हे हाताने लिहितेय. पाकीट विरारला तुझ्या आईकडे नेऊन देईन. आता मेलला हात लावायचा धीर नाही.

काल अल्पेशचा फोन आला. आवाज सपाट. "काकू, हेमांगी तुमाला बोलावते. एकटंच या."

गेले. ती उशाला टेकून बसली होती. शुद्धीत होती, इतकी शुद्धीत मी तिला या सगळ्या दिवसांत पाहिली नव्हती. तोच जुना, काचेला तडा गेलेला फोन मांडीवर. म्हणाली, "काकू, बसा. वास येत आसंल तर खिडकीजवळ बसा."

मला वाटलं सहज म्हणतेय. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर माझं पत्र होतं. चार तारखेचं. त्याच्याखाली एकोणतीसचं, त्याच्याखाली चोवीसचं.

तुला एव्हाना कळलं असेल. कदाचित पहिल्याच पत्राला कळलं असेल. सांगाव्यावरच्या कुठल्याही पत्राला उत्तर दिलं की ते मूळ लिहिणाऱ्या एकट्याला जात नाही, सगळ्यांना जातं. हा नियम माझा. तू तेव्हा म्हणाला होतास, काकू, असं ठेवू नका, एक दिवस कुणीतरी फसेल. मी म्हटलं होतं, इथे कुणाचं खासगी काही नाही, उत्तर सगळ्यांना. आणि तुझं ते "काकू, रागावू नका", मी इतके दिवस मला एकटीला लिहिलेलं समजत होते. ते तू सगळ्यांपुढे लिहिलं होतंस. माफीसुद्धा तू उघड्यावर मागितली होतीस आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सांगावा आता कोण वाचतं? मंडळी आल्यावर सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. एक हेमांगी सोडून. तिच्या फोनवर दुसरं काही चालतच नव्हतं.

मी उभीच राहिले. ती म्हणाली, "मी मरनार हाय ते खरं ना? ते डॉक्टर बोल्ले ना?"

मी हो म्हटलं.

"बरं. मग आर्याला आना आज. इन्फेक्शन बिन्फेक्शन काय नको सांगू मला कोनी."

अल्पेश दाराशी उभा होता. तिने त्याला पाणी आणायला खाली पाठवलं. पाण्याची बाटली कॉटखाली भरलेली होती, मला दिसत होती. तो गेल्यावर तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट सुजलेलं, ओळ पुढे-मागे सरकत होती. म्हणाली, "काकू, मला येक खरं सांगा. हे, सुटली तर बरं, हे अल्पेश बोल्ला का तुमी घातलं?"

सुमेध, एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे: जोडून द्यायचं आणि कानावरून उतरवायचं. ऐकायचं नाही, ऐकलं तर सांगायचं नाही. इतकी वर्षं मी ते पाळलं आणि मग म्हातारपणी सगळं उघडं असावं म्हणून तुझ्याशी भांडले.

मी म्हटलं, "मी घातलं ग. तो काही बोलला नाही. मला वाढवून लिहायची खोड आहे, सुमेधला लाज वाटावी म्हणून घातलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे हलवले नाहीत. मग ती म्हणाली, "तुमी असं लिवायला नको होतं. मानसाच्या नावावर असं कोन टाकतं?" आणि तोंड भिंतीकडे केलं. मी पायाला हात लावला तर पाय ओढून घेतला.

तिला पटलं की नाही मला माहीत नाही. मी निघाले तेव्हा अल्पेश पाणी घेऊन वर येत होता. तिला मी काय सांगितलं ते त्याला जिन्यातच सांगितलं.

आर्याला संध्याकाळी नेलं. बायजाबाई सांगत होती, पोर आधी भ्याली, मग हळूच कॉटवर चढून बसली.

आशीर्वाद तुला पाठवावेत असं माझ्याजवळ या घडीला काही नाही.

मनोरमा

•

उमेळे, २३ नोव्हेंबर

सुमेध,

हेमांगी गेली ते तुला कळलंच. तू अल्पेशला फोन केलास, तेही कळलं. उशिरा केलास, पण ती असताना केलास. त्याने मला एवढंच सांगितलं की सुमेधदादा रडत होता, मीच त्याला गप्प केलं. पानाची किल्ली, तो पासवर्ड, पाठवलीस, पोचली. त्यावरची सगळी जुनी माहिती मी पुसली आणि ठळक अक्षरांत लिहिलं की हे पान बंद आहे, या नंबरवर फोन करा. नंबर माझा. सकाळचे फोन मीच लावते आणि सांगाव्यावर लिहिते. मंडळीचं कुलूप कंपनीने म्हणे काढलंय. तिथेही कुणीतरी तेच लिहीत असेल, लिहू दे.

तुझी चिठ्ठी तुझ्या आईने आणून दिली. माझी ती तीन पत्रं काढून टाकता येतात का, असं मी त्यांच्यामार्फत विचारलं होतं. मी! सांगाव्यातलं अक्षर पुसायचं नाही म्हणून तुझ्याशी वर्षभर भांडत होते, ती मी. आणि तू लिहितोस की आपल्याकडून पुसलं तरी उपयोग नाही, ज्याला हवं त्याने सगळ्याची नक्कल ठेवावी असं आपण पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं, आणि लोकांनी नकला ठेवल्यात. कुठे कुठे ते तुलाही ठाऊक नाही. हेमांगीचं नाव घालून कुणी शोधलं की ती पत्रं वर येणार.

अल्पेश काल आला होता. केस काढलेले, टोपी हातात. बसला. म्हणाला, "काकू, तिने मला इचारलंच नाय. शेवटपर्यंत. मी रोज वाट बघत होतो, आता इचारंल, आता इचारंल. हात धरून ठेवायची, बस. तिला तुमचं पटलं असंल ना?"

"पटलं असणार," मी म्हटलं.

"मी बोललो होतो ना पण."

"मला आठवत नाही."

त्याने मान खाली घातली. जाताना म्हणाला, "तिचं काय, ती गेली. आर्या मोठी व्हईल, काकू. पोरं आजकाल सगळं शोधतात."

ते मला रात्रंदिवस टोचतंय. ती पंधरा-सोळा वर्षांची होईल, कुठेतरी बसून आईचं नाव घालेल, आणि समोर माझं पत्र येईल. आई कशी दिसत होती, तिला कसला वास येत होता, आणि बाप काय म्हणाला. वास आणि सूज माझ्या नावावर आहेत, राहू देत. त्यासाठी तिने मला शिव्या द्याव्यात. पण तिसरी गोष्ट तिच्या बापाच्या नावावर आहे आणि पोरीला उद्या बापाशिवाय कुणी नाही.

म्हणून आज सांगाव्यावर एक पत्र टाकतेय. त्यात मी खोटं लिहिलंय. ते खोटं आहे हे जगात तिघांना माहीत आहे: अल्पेश, मी आणि हे कागद वाचणारा तू. अल्पेश बोलणार नाही. मी आता सत्तरीची झाले. राहिलास तू. तुला खरं बोलायची हुक्की कधीतरी येईल, तू मुळात वाईट मुलगा नाहीस. तेव्हा ती गिळ. कुणी विचारलं तर काकूंना वाढवून लिहायची खोड होती असं सांग. नऊ तारखेचं पत्र आणि हे, दोन्ही जाळ. फाडू नकोस, जाळ. याची नक्कल माझ्याकडे नाही.

या दोन पत्रांना उत्तर लिहू नकोस. अनेक आशीर्वाद.

मनोरमाकाकू

•

सांगावा
२३ नोव्हेंबर
प्रति: सगळे
विषय: दुरुस्ती

गोदामाकडच्या दवाखान्यात इंजेक्शन आजही नाही. खाडीकडे आहे. मोठ्या इस्पितळात आहे. सकाळी तिन्ही ठिकाणी फोन केला.

माझ्या ४ नोव्हेंबरच्या पत्रात अल्पेशच्या तोंडी एक वाक्य आहे. ते त्याचं नाही. सुमेधला लाज वाटावी म्हणून मी ते पदरचं घातलं होतं. हेमांगीने मला याबद्दल विचारलं तेव्हा तिलाही मी हे सांगितलं, आणि तिने मला क्षमा केली नाही, ते योग्यच केलं. ज्यांनी सांगाव्याच्या नकला ठेवल्यात त्यांनी हे पत्रही त्या पत्राच्या खाली ठेवावं, ही हात जोडून विनंती.

आर्या, तू हे केव्हातरी वाचशील. त्या दिवशी टपरीवर मी चहा प्यायले आणि तुझे पप्पा नुसते बसून होते. ते एक शब्दही बोलले नाहीत.

मनोरमा